चालू फलाटावरचा रंग

चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन रेल्वेस्थानकांनी २०१८ साली रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत देशात पहिला क्रमांक मिळवला. दोघांना मिळून बक्षीस होतं दहा लाख रुपयांचं. दुसरा क्रमांक मधुबनी आणि मदुराईला, तिसरा गांधीधाम, कोटा आणि सिकंदराबादला विभागून गेला. मधुबनीच्या पाठीशी जगभर नावाजलेली चित्रपरंपरा, मदुराईच्या पाठीशी मीनाक्षी मंदिराचं वैभव. त्यांच्याही पुढे कोळशाच्या धुळीतली आपली ही दोन स्थानकं गेली, ती ताडोबाचं जंगल, तिथला वाघ आणि आदिवासी कलेचा बाज भिंतींवर आणून. तेव्हाचे अर्थ आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी या कामात पुढाकार घेतला होता. वर्तमानपत्रांतून कौतुक झालं, वाघासोबत फोटो काढून झाले. एका गोष्टीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही आणि मला ती चित्रांइतकीच मोलाची वाटते. हे सगळं रंगकाम गाड्या धावत असताना, माणसं चढत-उतरत असताना झालं.

दुकानाला आठवड्याची सुट्टी असते. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार असतो, शाळेला उन्हाळा असतो. फलाटाला यातलं काहीच नाही. त्यातून बल्लारशाह म्हणजे दिल्ली-चेन्नई या हमरस्त्यावरचं जंक्शन. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि पुढे दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते. गोंदियाहून नागभीड, चांदा फोर्टमार्गे येणारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची लाइनही इथेच येऊन मिळते. रात्री दोनला या, पहाटे चारला या, कुणीतरी पोतं उशाला घेऊन झोपलेलं असतं, कुणी चहा घेत असतं, आणि मधल्या लाइनवरून कोळशाची मालगाडी धडधडत जात असते. रंगाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात, मोकळी भिंत आणि वाळायला वेळ. इथे भिंतीला माणूस टेकलेला असतो आणि वेळ टाइमटेबलच्या ताब्यात असतो.

म्हणून या चित्रांचं रसग्रहण करताना मी आधी पाहतो ते चित्र कुठे आहे. फलाटावर डोक्यावरून जाणारी तार २५ हजार व्होल्टची. तिच्यापासून दोन मीटरच्या आत ना माणसाने जायचं, ना त्याच्या हातातल्या काठीने, ना शिडीच्या टोकाने. तारेजवळ काम करायचंच तर वीजपुरवठा बंद करून घ्यावा लागतो. त्याला पॉवर ब्लॉक म्हणतात आणि तो रंगाऱ्याच्या सोयीने मिळत नाही. रुळावर पाय ठेवून भिंतीचं काम करायचं तर ट्रॅफिक ब्लॉक, म्हणजे त्या लाइनवरची गाड्यांची ये-जा बंद, हवा. म्हणजे स्थानकात मोकळी दिसणारी प्रत्येक जागा चित्राला मोकळी नसते. स्थानकाची दर्शनी बाजू, तिकीटघराजवळच्या भिंती, फलाटावरचे खांब, प्रतीक्षालयाची बाहेरची बाजू असा चित्राचा प्रदेश त्यातून ठरत जातो. कॅनव्हास चित्रकार निवडतो. इथे जागा नियमांनी निवडलेली असते आणि तिच्यात चित्र बसवणं हीच पहिली रचना असते.

दुसरी गोष्ट विषयाची. ताडोबा जवळ आहे म्हणून जंगल रंगवलं, हे तर सरळच. पण तुकड्यातुकड्यांनी काम करावं लागणाऱ्या माणसाच्या नजरेने बघा, म्हणजे या विषयाचा आणखी एक गुण कळेल. कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, सगळ्यात अवघड काय? तो सांगेल, सपाट एकरंगी भिंत. एका दमात ओढली नाही तर जिथे थांबलो तिथे सांधा दिसतो. पहिला पट्टा वाळून गेल्यावर शेजारी दुसरा मारला की त्या जागी रंग दुहेरी बसतो, आणि उन्हं तिरपी झाली की ती रेघ लांबून डोळ्यात भरते. गाडी आली, गर्दी उतरली, काम अर्ध्यावर थांबवावं लागलं, असं दिवसभर चालणार असेल तर सपाट रंग हमखास फसतो. जंगल फसत नाही. पानांच्या गर्दीत सांधा विरून जातो. सकाळी सोडलेल्या फांदीवर दुपारी गडद हिरव्याचे चार फटकारे मारले की सावली होते. बांबूच्या बेटात कालचा हात कुठे संपला आणि आजचा कुठे सुरू झाला हे चित्रकारालाही नंतर सांगता यायचं नाही. वाघाच्या पट्ट्यांचंही तसंच. पट्टा म्हणजे मुळातच तुटलेली रेघ, ती कुठेही सोडता येते आणि कुठूनही उचलता येते. वर्दळीच्या जागी जंगल रंगवायला घेण्यात म्हणूनच मला भूगोलाइतकीच कारागिरीची समज दिसते.

जिन्याच्या पायऱ्या चित्रासाठी घेतल्या तर हा हिशेब आणखी बारीक होतो. पायरीची आडवी बाजू रंगवायची नाही. ती पावसात निसरडी होते आणि टाचांनी महिन्याभरात सोलून निघते. रंगवायची ती उभी बाजू. म्हणजे एक अखंड चित्र वीतभर उंचीच्या पट्ट्यांत कापायचं, प्रत्येक पट्टी स्वतंत्र काढायची आणि समोरून बघणाऱ्याच्या डोळ्यात त्या पुन्हा एक व्हायला हव्यात. काम करताना जिन्याची अर्धी रुंदी दोरी लावून अडवायची, अर्धी माणसांसाठी सोडायची. डाव्या अर्ध्यातला जबडा आज, उजव्या अर्ध्यातला परवा. दोन्ही जुळायचे तर सुतळीला गेरू लावून मारलेली लाइन आणि आधी आखून घेतलेल्या चौकटी यांच्यावरच भरवसा ठेवावा लागतो, कारण लांब जाऊन डोळे बारीक करून बघायला मोकळा फलाट कधी मिळतच नाही. आणि जिना उतरणाऱ्याला हे चित्र दिसतही नाही. ते फक्त चढणाऱ्याचं.

इथून मी प्रेक्षकाकडे येतो. कलादालनात माणूस चित्रासमोर थांबतो. स्थानकात प्रेक्षक स्वतः चालत असतो, नाहीतर गाडीतून सरकत असतो. चंद्रपूरला गाडी थोडाच वेळ थांबते. त्यात खिडकीशी बसलेल्या माणसाला आधी चहावाला दिसतो, मग उतरणारी माणसं, मग उरल्या क्षणांत भिंत. या भिंतीवरचं चित्र एका नजरेत कळायला हवं: मोठा आकार, दोन-तीन ठळक रंग, बारीकसारीक तपशील नाहीत. बल्लारशाहला गोष्ट वेगळी. हद्द बदलते म्हणून लांबच्या गाड्यांचे चालक-गार्ड इथे बदलतात आणि गाडी जास्त वेळ उभी राहते. प्रवासी खाली उतरतो, पाणी भरतो, पाय मोकळे करतो. इथे खांबाभोवती फिरत जाणारं चित्र चालतं, एक बाजू बघितली की दुसरीसाठी दोन पावलं टाकणारा माणूस इथे मिळतो. एकच कल्पना दोन स्थानकांवर आली तरी तिचं वाचन दोन वेगांनी होतं. सुशोभीकरणाच्या कामात हा वेगाचा विचार मला फार कमी ठिकाणी दिसतो. बहुतेक जागी उड्डाणपुलाखालच्या खांबांवर लघुचित्रांइतकं बारीक काम केलेलं असतं आणि बघणारा ताशी ४० किलोमीटरने निघून जातो.

पण या चित्रांचा खरा रस आहे तो वाघात, आणि तिथे मला थोडं थांबायचं आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ सालचा. मुंबई-पुण्याहून, हैदराबादहून येणारा पर्यटक मोहर्लीच्या फाटकाकडे जाण्यासाठी चंद्रपूरला उतरतो. भिंतीवरचा वाघ पाहून त्याच्या मनात अद्भुत रस जागा होतो: उद्या हाच प्रत्यक्ष दिसेल का? त्याच फलाटावर, त्याच चित्राखाली, मूल-सिंदेवाहीकडची एखादी बाई बसलेली असते. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला ती पहाटे जंगलात जाते. तिच्या गावात, निदान शेजारच्या गावात, वाघाने माणूस मारल्याची बातमी तिने वाचलेली नाही, ऐकलेली आहे, मयतीला गेलेली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जीव गमावतात. तिच्यासाठी हे चित्र अद्भुत कसं असेल? तो भयानक रस आहे, आणि तोही रंगवलेला नाही, जगलेला आहे. एकाच भिंतीतून एकाच वेळी दोन माणसांना दोन रस मिळतात. चित्रकाराने डरकाळी फोडणारा, अंगावर येणारा वाघ काढला तर तो पर्यटकाची बाजू घेतो. आपल्या वाटेने चाललेला, कुणाकडे न बघणारा वाघ काढला तर त्या बाईलाही त्याच्याकडे पाहता येतं, कारण जंगलात तिला हवा असतो तो असाच वाघ. सार्वजनिक भिंतीवर वाघ काढणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनात धरावा, असं मला कळकळीने वाटतं.

आदिवासी कलेच्या बाजूने मात्र या जिल्ह्यांतल्या भिंतींवर माझं पूर्ण समाधान होत नाही. सरकारी कार्यालय असो, शाळा असो, बसथांबा असो, आदिवासी म्हटलं की पांढऱ्या रंगातली त्रिकोणी माणसं आणि तारप्याचा गोल नाच येतो. ती वारली शैली, पालघर-ठाण्याची. सुंदरच आहे, पण चंद्रपूर-गडचिरोलीत गोंड, माडिया, कोलाम राहतात. भामरागडच्या माडिया मुलाला स्वतःच्या शाळेच्या भिंतीवर आठशे-नऊशे किलोमीटरवरच्या लोकांचा नाच दिसावा हे काही बरोबर नाही. ज्याला गोंड चित्रशैली म्हणून आज जग ओळखतं ती मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांची. जनगढसिंह श्याम यांनी ती कागदावर, कॅनव्हासवर आणली आणि भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींपर्यंत नेली. आपल्याकडच्या गोंडांचं बोलायचं तर चंद्रपूरला त्यासाठी दूर जायची गरजच नाही. जटपुरा दरवाजाखालून रोज हजारो माणसं जातात. गोंड राजांच्या या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. शहरातलं हे जुनं सार्वजनिक चित्र, तेही वाहत्या रस्त्यावरचं, आणि रंगाशिवाय शतकानुशतकं टिकलेलं. त्या सिंहाची बांधणी बघा: नखं, आयाळ, पायाखाली चिमुकला झालेला हत्ती, सगळं दोन-चार खोल रेषांत. घाईत जाणाऱ्या माणसासाठी चित्र कसं असावं याचा धडा तिथे दगडात आहे. स्थानकाच्या भिंतीवर हा सिंह वाघाशेजारी यायला हवा.

आता थोडं बाजारात येऊ, कारण फलाटाला लागू आहे ते चंद्रपूरच्या गोलबाजारातल्या कापडदुकानालाही लागू आहे, आणि दुकान बंद न ठेवता बाहेरून रंगवायचं ही दरवर्षीची अडचण आहे. इथे सगळा खेळ पंचांगाचा आणि उन्हाचा. चंद्रपूरचा मे म्हणजे ४५-४६ अंश. तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आतच सुकतो, ब्रशचे ओरखडे तसेच राहतात आणि पुढे पापुद्रे निघतात. म्हणून जाणता रंगारी सावलीच्या मागे फिरतो: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. जूनच्या मध्यापासून पाऊस. भिंत ओली असताना वर रंग मारला तर फोड येणारच. उरतो तो ऑक्टोबरपासूनचा काळ. पण चंद्रपूरचा ऑक्टोबर काही मोकळा नसतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणार्थ दरवर्षी १५-१६ तारखेला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, स्थानक आणि बाजार दोन्ही भरून जातात. मग दिवाळीची गर्दी. पुढे चैत्रात महाकालीची यात्रा, तिला नांदेड-परभणीकडून भाविकांची रीघ लागते. या सगळ्यातून वाट काढली की दिवाळी संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस हाती येतात. हवा कोरडी, ऊन सौम्य, गिऱ्हाईक जरा निवांत. तरीही आपण सगळे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रंगारी शोधतो, आणि ज्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नाही त्याच दिवसांत दारात शिडी लावतो.

दुकानाच्या बाबतीत सर्वांत नाजूक जागा शटरची. दुकान उघडं असतं तेव्हा शटर वर गुंडाळलेलं, म्हणजे रंगवता येत नाही. बंद झाल्यावर रंगवावं तर ऑइलपेंट रात्रभरात वरून वाळलेला दिसतो, आतून नरमच असतो. सकाळी शटर वर ढकललं की पट्ट्या एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना रंग सोलून येतो. मुरलेला कारागीर म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शटरला हात घालतो, पातळ थर देतो, सुट्टीचा अख्खा दिवस ते खाली ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यांमध्ये बोट फिरवून बघितल्याशिवाय वर करू देत नाही. बोर्डाच्या वरचा भाग दुकान उघडायच्या आत सकाळी, बाजूची भिंत दिवसा, दाराची चौकट एका वेळी एकच बाजू. परांची बांधायची ती गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून ताडपत्री ताणून. भिंत आधी धुवायची, आणि ही पायरी इथे टाळता येत नाही: महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने यांची धूळ भिंतीवर बसलेली असते आणि तिच्यावर मारलेला रंग धुळीलाच चिकटतो, भिंतीला नाही. खालचे तीन फूट गडद ठेवायचे, कारण खर्रा खाऊन मारलेल्या पिचकाऱ्या. हे खालचे तीन फूट पाहूनच मला कळतं की रंगवणारा इथला आहे की बाहेरचा.

चालू जागेवर एकत्र येऊन रंगवण्याची उदाहरणं इतरत्रही आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर ‘हमारा स्टेशन हमारी शान’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी भिंती रंगवल्या. वर्षभराने मधुबनीच्या कलावंतांनी मोबदला न घेता मधुबनी स्थानकाच्या सात हजारांहून अधिक चौरस फूट भिंतींवर चित्रं काढली. लोकसहभागाचं ते मोठं काम. पण गर्दीत केलेल्या कामात एक धोका असतो आणि तो बल्लारशाहच्या संदर्भात मला बोलायलाच हवा.

२७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारशाह स्थानकावर पादचारी पुलाच्या स्लॅबचा भाग कोसळला. माणसं वरून खाली रुळांवर पडली. एकाचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. सुशोभीकरणाचा आणि या अपघाताचा संबंध मी जोडत नाही. पण देशातलं पहिल्या क्रमांकाचं सुंदर स्थानक आणि हा पूल एकाच जागेचे आहेत, हे विसरून त्या चित्रांकडे मला आता बघता येत नाही. रंगारी हा भिंतीला सगळ्यात जवळून हात लावणारा माणूस. खरवडताना पोकळ आवाज त्यालाच ऐकू येतो, सळईचा गंज प्लॅस्टरमधून फुगलेला त्यालाच आधी दिसतो, ओल कुठून येते हे त्याच्या पुट्टीला कळतं. गर्दीच्या जागेचं काम आखताना घासकाम आणि रंगाचा पहिला हात यांच्यामध्ये एक दिवस ठेवायला हवा. त्या दिवशी रंगाऱ्याने दाखवलेल्या जागा अभियंत्याने ठोकून बघाव्यात आणि त्याने लेखी होकार दिल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू नये. वेळ नाही म्हणून हा दिवस गाळला जातो, तेव्हा पोकळ जागेवर सुंदर चित्र बसतं आणि ती जागा पुढची कित्येक वर्षं कुणाला दिसत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आज वडसा-देसाईगंजपाशीच भेटते. वडसा-गडचिरोली मार्गाचं काम चालू आहे. पुढे कधी गडचिरोलीच्या नव्या स्थानकाच्या भिंतींचा विचार होईल तेव्हा बल्लारशाह आणि चंद्रपूरचं काम समोर ठेवावं. जागा कशा निवडल्या, विषय कसा निभावला, प्रवाशांची वाट कशी मोकळी ठेवली, हे सगळं शिकण्यासारखं आहे. भिंतीवर माडिया आणि गोंड कलावंतांचाच हात असावा. आणि रेल्वे असो, बँक असो की कापडाचं दुकान, काम देणाऱ्याला माझी एक विनंती आहे: वेळापत्रकात अर्धा दिवस जास्त धरा आणि खालच्या कोपऱ्यात, हाताला लागेल अशा उंचीवर, ज्यांनी रंगवलं त्या सगळ्यांची नावं, गाव आणि महिना-साल लिहून घ्या.